मशीनवरचा आवाज

कल्याणला शीळफाट्याच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. मागे रिक्षांचे हॉर्न. आजोबा फोनवर बोलून मुलीला मेसेज लिहीत होते.

"रसिकाऽ! आम्हीऽ निघालोऽय!"

"अहो, ओरडताय कशाला?"

"एवढ्या गोंगाटात त्याला ऐकू नको जायला? बघ, भलतंच लिहिलंय."

"शब्द किती ताणता! कारखान्यात मशीनवर बोलायचात तसंच. माणसांना कळतं ते, फोनला नाही कळत. रसिका म्हणालेली ना, फोन तोंडाजवळ धरा आणि घरात बोलतो तसं बोला."

"घरात मी असाच बोलतो."

"ते मला नका सांगू. बाळाशी बोलतात तसं बोला."

"रसिका, आम्ही निघालोय. आईचे गुडघे फार दुखतायत. तिला जिना चढायला लावू नकोस, तूच खाली ये... अगं, लिहिलं! सगळं बरोबर लिहिलं!"

आजींनी फोनऐवजी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"हा आवाज होता तुमच्याकडे?"

"तेव्हा मशीन चालू असायचं गं."

"घरात कुठलं मशीन होतं?"

बस आली. आजोबा वाकून आजींच्या कानाशी काहीतरी बोलले. मी अगदी त्यांच्या मागेच उभा होतो, पण मला एक शब्दही ऐकू आला नाही.