किडनी तुझी, केस बाबांचे

हॅलो?… हॅलो!… हं, बोल गं, शेंडेफळ. कुठे पोचलीस?… खाली? खाली म्हणजे आमच्या खाली?… अगं, काल घसा फोडून सांगितलं ना, आधी कोरोनाची टेस्ट कर, मग घराबाहेर पड म्हणून!

थांब, थांब. लिफ्टचं बटण दाबू नकोस… दाबलंस? मग आत शिरू नकोस. ये बाहेर. त्या समोरच्या बाकावर बस, मला गॅलरीतून दिसशील अशी… हं, दिसलीस. पिशवी केवढी ती! बाबांचे केस कापायचेत की मेंढ्यांचा कळप भादरायचाय?

हो गं, तयार आहेत. सकाळपासून गळ्याला चादर बांधून स्टुलावर बसलेत. आंघोळसुद्धा केली नाही, केस कापल्यावर करीन म्हणतात. दर थोड्या वेळाने 'धाकटी आली का' चालूच आहे… वाढलेत म्हणजे काय! कपाळावर येतात. पेपर वाचताना फुंकर मारून उडवतात… अगं, किती सांगितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला बोलवू, तर म्हणे माझ्या डोक्याला हात लावेल ती माझी धाकटीच, थोरलीसुद्धा नको.

माहितीय, दोन्ही डोस झालेत तुझे. कोणाला माहीत नाही? सर्टिफिकेट लॅमिनेट करून पार्लरच्या आरशाला चिकटवलंयस, केस धुवायला आलेल्या बाईलाही ते आधी वाचावं लागतं!… अगं ऐक ना, लस घेतलीस ते चांगलंच केलंस, पण ते काही चिलखत नाही. तुला झालाच तर बहुतेक थोडक्यात सुटशील. चार शिंका देशील, दोन दिवस कुरकुर करशील. पण दुसऱ्याला द्यायची सोय राहतेच ना तुझ्याकडे?

बाबांचेही झालेत, हो. एक जास्तीचाच झालाय. पण त्या गोळ्यांचं काय? नवी किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून ज्या रोज घेतात त्या. त्या गोळ्या आतल्या पहारेकऱ्यांनाच पेंगुळवून ठेवतात. पेंगणाऱ्याला लस काय शिकवणार आणि किती? डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, यांनी लशीवर विसंबून राहायचं नाही, घरच्यांनीच जपायचं.

काय? परत बोल… 'किडनी माझीच आहे, मग माझे जंतू तिला काय करणार?'… अगं देवा. हे तू मनापासून बोललीस?… मी नाही हसत… बरं, हसतेय. अगं बाई, विषाणू काय दारात नाव-गाव विचारतो? 'अरेच्चा, ही तर आपल्या मालकिणीची किडनी, चला रे मागे!'… आणि किडनी तुझी असली तरी फुप्फुसं त्यांचीच आहेत ना?

मला सांग, आवाज का बसलाय तुझा?… स्प्रेमुळे. तुझं दरवेळी स्प्रेमुळेच असतं. मास्क लावतेस ना कामावर?… तू लावतेस. आणि गिऱ्हाइकं?… हं… कानामागचं कापताना दोरी मध्ये येते… म्हणून काढायला लावतेस! दोन्ही कानांवरनं?… 'तेवढ्यापुरतंच.' तेवढ्यातच बोलत सुटतात ना ती? कान मोकळे झाले की माणसाचं तोंडही मोकळं होतं. वर दार बंद, एसी चालू… कोण? शाळेतल्या बाई? कधी आल्या होत्या?… आणि खोकत होत्या… ॲलर्जी होती असं कोण म्हणालं?… त्याच म्हणाल्या! वा, निदानही गिऱ्हाइकानेच केलं.

पर्समध्ये आहे ना ते टेस्टचं पाकीट? पार्लरच्या मालकिणीने सगळ्यांना दिलेलं… मग काढ. इथेच… वॉचमन बघतोय? लांब आहे तो, बघू दे. रोज आमची भांडणं ऐकतो, आज तुझं नाक बघेल. दोन्ही नाकपुड्यांत फिरव… नुसतं दारातून डोकावू नकोस, नीट आत जा… हो, येतंच डोळ्यांत पाणी. आता बाटलीत घोळव. थेंब टाक. ठेव बाकावर, आणि हलवू नकोस. मास्क लाव परत.

आले, बाबा, आले! खाली आहे ती. नाक साफ करतेय!… काही नाही गं, ते विचारत होते, एवढा वेळ का लागतोय.

काय झालं?… हॅलो?… एवढ्यात? दुसरी रेघ एवढ्यात आली?… फिकट का असेना, रेघ ती रेघ. उन्हात धरून काय बघतेस?

अगं… रडू नकोस. हे बघ, वर आली असतीस तर, हे मनातसुद्धा आणू नकोस. आलीस का? नाही ना? मग झालं तर… नाही गं, रागावले नाही मी. घाबरले.… अगं, तुझी किडनी जुळली, माझी नाही जुळली. किती कुढले होते तेव्हा, तुला सांगितलंच नाही कधी. मग ठरवलं, तिने दिली, आपण राखायची. तेवढं तरी राखू दे ना मला.

आणि तुझ्याकडेही आता एकच आहे, विसरू नकोस. घरी गेल्या गेल्या तुझ्या डॉक्टरांना फोन कर. आज. उद्या बघू म्हणायचं नाही. अंगदुखीची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. वेगळी खोली, खिडक्या उघड्या. नवरोबांना बाहेर झोपव, तेवढीच घोरण्यापासून सुटका… मालकिणीला कळव, गिऱ्हाइकांनाही कळव… गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं. न सांगता आजारी पाडलंस तर परत येणारेय का ते?

थांब जरा. बाबांना सांगते…

सांगितलं… चादरीची गाठ सोडायला लागलेत.

बाबा, सोडू नका ती! बसा तसेच!… तू ऐक. मी कापते… ओरडू नकोस कानात. कात्री आहे माझ्याकडे… स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची. चांगली धारदार आहे… धुतलीय गं! त्यांचं स्टूल गॅलरीत आणते, तू तिथूनच सांग. तेवढं झालं की तडक घरी.

हं, बसले. बघ वर. दिसले?… हात हलवतायत तुला. आता सांग, कुठून सुरू करू?… मागून. आधी कंगवा. केस दोन बोटांत धरायचे… आणि बोटांच्या बाहेरचे कापायचे… एवढं कळतं मला, बोटं माझी आहेत… कापले! अगं, पडले की खाली… आता बाजूने… तिरकं? तुला खालून काय दिसतंय तिरकं?… मान कलती केलीय त्यांनी, तुला बघायला. बाबा, सरळ बसा हो, तुमच्या लेकीने चूक काढली.

हसतायत… खरंच हसतायत गं. काय म्हणतायत, थांब… 'हात अगदीच जड आहे हिचा' म्हणे. बघ, रोज जेवू घालायचं मी आणि गोडी तुझ्या हाताला!

हो बाबा, देते… त्यांना तुझ्याशी बोलायचंय. कानाला लावते त्यांच्या… आहे गं कान, जागेवर आहे!… आणि ऐक, आसपास कोणी नाही ना? वॉचमन लांब आहे ना?… मग मास्क काढ जरा. इतक्या लांबून चालतंय. बघू दे त्यांना तुझं तोंड.