बिनदाराची खोली

अहो, आत या ना — बाहेर कशाला उभ्या? वाजवायला दार शोधताय होय? नाहीये. पडदा सरकवायचा आणि यायचं, आता अख्ख्या कावांग्वारे वस्तीला माहीत झालंय. बसा, त्या स्टुलावर बसा. तुम्ही सर्वेवाल्या ना? मी लांबूनच ओळखलं. भाडं किती, पाणी कुठलं, लाइट किती वेळ असते — दुसरं कोण विचारतंय आम्हाला असलं? मागे एक मुलगी आली होती, दिवसातून किती वेळा जेवता, मांस शेवटचं कधी खाल्लं, सगळं विचारून साबणाची वडी देऊन गेली. तुम्ही साबण — नसू दे, नसू दे, आपलं सहज म्हटलं. शेजारीण म्हणते, सर्वेवाल्यांपुढं रडायचं असतं, मग काहीतरी पदरात पडतं. पण मला नाही बाई जमत खोटं. खोली चांगली आहे. पावसात थेंब येत नाही, नळ चार पावलांवर, शेजारी पिऊन ओरडत नाहीत. साडेतीन हजार शिलिंगला नैरोबीत अशी दुसरी खोली दाखवा मला. लिहा, साडेतीन हजार. लिहीत नाही? लक्षात ठेवता? हुशार आहात.

खायचा खर्च? तो काय सांगू — सगळं चिमटीचिमटीनं आणते. दहा शिलिंगचं तेल, पुडीतलं मीठ, उगालीला मक्याचं पीठ डब्याच्या मापानं, आणि वर सुकुमाची पालेभाजी. असं घेतलं की महागच पडतं, कळतं मला, पण गोणी घ्यायला गोणीचे पैसे लागतात ना! आणि दार म्हणाल तर दार मुटिस्याकडे आहे. मुटिस्या म्हणजे मालकाचा माणूस, या ओळीतलं सगळं भाडं तोच गोळा करतो. दोन महिने थकले की बिजागऱ्या काढतो, दार खांद्यावर घेतो आणि चालू पडतो. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. ‘नफुलाची आई, भाडं आण, दार ने’ — बास. भलाच म्हणायचा, दुसरीकडे छपराचे पत्रे काढतात. आणि थकलं का? दारू पिते का मी? भिशीत भरलं हो. भाड्याचेच पैसे भिशीत भरले — म्हटलं, पुढचा नंबर आपला, एकरकमी हातात आले की भाडंही फिटेल आणि नफुलाची फीही. आणि नेमके माझ्या नंबराला भिशीतल्या अडोंगोचे वडील गेले. आता मढं गावी न्यायचं म्हणजे पेटी, गाडी, सोबतीची माणसं, रात्रभराचा रस्ता. परक्या शहराच्या मातीत टाकून देतात का कुणी बापाला? सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय म्हणणार? मीच हात वर केला, म्हटलं, घ्या माझा नंबर. उद्या मलाही न्यायची वेळ येईलच ना. मेलेल्याला गावी पोचवायला आमच्याकडे पैसे निघतात, जिवंताला खोलीत ठेवायला नाही निघत.

काम? आहे ना काम. लॅव्हिंग्टनच्या बंगल्यांत कपडे धुते. तीन घरं होती, दोघींनी मशीन घेतलं. तिसरीचा मशीनवर विश्वास नाही, देव तिचं भलं करो! आठवड्याचं धुणं असतं, आज आहे. गेल्या खेपेला गेले नाही, तर निरोप आला — आज आलीस तर उचल देते, नाही आलीस तर दुसरी बघते. दुसरी मिळायला काय वेळ लागतो हो, फाटकाबाहेर बायका बसलेल्याच असतात. ती उचल मिळाली की मुटिस्याच्या हातावर निम्मं भाडं ठेवायचं, तेवढ्यावर तो दार लावायला तयार आहे. सगळं ठरलंय. फक्त जाऊ कशी? दार काढल्यावर पहिल्यांदा पडदा बांधून गेले, तर परत येईपर्यंत गॅसची टाकी गेलेली. कुणी पाहिलं नाही. कुणीच कधी पाहत नाही. कामाला जावं तर घर लुटलं जातं, घर राखावं तर काम जातं, आणि काम नाही तर दार नाही. मुटिस्याला म्हटलं, आधी दार दे, मग भाडं आणते. तो म्हणतो, आधी भाडं आण, मग दार देतो. दोघंही आपापल्या जागी खरे. — तुम्ही बसाल का हो इथं? दुपारपर्यंतच, मी पळत येईन — नाही नाही, गंमत केली. तुम्हाला अजून किती घरं करायची असतील.

नफुला? शाळेत गेलीय. बारा वर्षांची आहे, गणितात हुशार. सगळे म्हणतात, पोरीला बसव की राखणीला. बसवली होती ना, टाकी गेली त्याच्या पुढच्या धुण्याला. एक माणूस पडदा सरकवून आत आला आणि उभा राहिला. नुसता उभा राहिला म्हणते. काही बोलला नाही म्हणते. ‘आई, मी पातेलं हातात धरून ठेवलं होतं’ म्हणाली. मी त्या रात्री उंबऱ्यावर पाठ टेकून बसले, डोळा नाही लागला… ती शाळेत नाहीये. हे कुणाला सांगू नका हं. एका बाईकडे ठेवलीय, त्यांचं बाळ सांभाळते, भांडी घासते, जेवण मिळतं. पगार नाही, पगार कसला, लहान आहे ती. पण त्या घराला दार आहे, लोखंडी आहे, मी स्वतः कडी लावून पाहिली. चार दिवसांसाठी म्हणून ठेवली होती, पंधरवडा झाला. रोज फोन करते, एकच विचारते — आई, लागलं का दार? मी म्हणते, लागलं की त्याच दिवशी तुला आणते. बोलताना बोट चोखते हल्ली, आवाजावरून कळतं मला. एवढी मोठी घोडी, बोट चोखते.

अहो, हे काय करताय? भिंतीला विती कशाला लावताय? खोलीपण मोजतात होय सर्वेत? मोजा, मोजा — काय? पलंग? कुणाचा पलंग?

थांब. तू सर्वेवाली नाहीस? मग पाणी, लाइट, शेजारी — अगं बाई! आणि मी मूर्ख, तुला आत बोलावून, स्टूल देऊन खोलीचं कौतुक सांगत बसले! छप्पर गळत नाही म्हणे! मुटिस्याकडे दलालीच मागायला हवी मी. त्यानंच पाठवलं ना? पैसे दिलेस? सगळे? आणि तुला तोंड नव्हतं का गं, पोरीचं सगळं ऐकून घेतलंस ते? — बरं, दाराचं काय म्हणाला?

आज. आज संध्याकाळी लावतो म्हणाला.

म्हणजे आज फोन आला की हो म्हणता येईल मला. लागलं गं दार, नफुला. — रडू नकोस, तुझा काय दोष? तूही कुठून तरी उठवलेलीच असशील, हौसेनं कोण बिऱ्हाड हलवतं इथं? पण तुझा पलंग कुठं मावतो ते माझ्यासमोर नको मोजूस. नीघ. नीघ म्हणते ना! संध्याकाळपर्यंत ही खोली माझी आहे.