मस्टरमधली सही

—मंगळवारच होता, कारण शाळेत मटकीची उसळ होती आणि मी चव घेऊन पोषण आहाराच्या रजिस्टरवर सही करायलो होतो, तेव्हा फोन आला. पण हे तुम्हाला कशाला पाहिजे, ताई? ब्रेन ट्यूमरच्या पेशंटांसाठी तुमचा गट काम करतो, चांगलं आहे — पण माझ्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज तुम्ही परभणीहून बोरीला येऊन तिचा फोटो मागायलात. यादीत नाव होतं म्हणता. यादी केली कुणी? दवाखान्यानं? असेल.

द्या ते पत्रक. सकाळी डोकं दुखणे, उलट्या, तोल जाणे — हो, डोकं तिचं लय दुखायचं, रुमाल बांधून पाचवीचा वर्ग घ्यायची, मी म्हणायचो चष्म्याचा नंबर बघून घे. आणि हे काय? अक्षर बदलणे? हे कुणी घालायला सांगितलं? सगळ्या पत्रकांत आहे? दुसरं दाखवा बरं. …हं. त्यातही आहे.

नीलम मॅडम भेटल्या का तुम्हाला? आमच्याच शाळेत होत्या, पूर्णेला बदली झाली त्यांची. नाही ना? मग ठीक. तसं लपवण्यासारखं काही नाही. बायको, हेमा, माझ्याच शाळेत शिक्षिका, मी मुख्याध्यापक. हजेरीच्या मस्टरवर तिची सही म्हणजे छापल्यासारखी — ती बारीक व्हायला लागली, चौकटीतून खाली घसरायला लागली. मी काय समजायचं? मी गाडीवर साडेनऊला पुढं जायचो, ती मागून चालत यायची. मला वाटलं, बाईसाहेब उशिरा येतात आणि नीलम मॅडम त्यांची सही ठोकतात, मैत्रिणी होत्या ना. विचारलं तर म्हणाली, "माझीच आहे हो, हात ऐकत नाही." आता हे काय उत्तर झालं? घरच्या माणसाला सांभाळून घेतो म्हणून गाव बोललं असतं — दिली दोघींना कारणे दाखवा नोटीस. घरात कशी देणार? ऑफिसात बोलावून दिली, पोच घेतली. हेमानं माझ्यासमोर सही केली. तशीच. वाकडी, खाली घसरलेली. मी बघितली ना — माझ्या डोळ्यांनी बघितली, आणि म्हणालो, "आता मुद्दाम तशी काढायलीस." तिनं पेन टेबलावर ठेवलं, ते पण नीट ठेवता आलं नाही तिला.

पुढच्या मंगळवारी दोघी शाळेत नव्हत्या. फोन नीलम मॅडमचाच — "सर, हेमाताईंना परभणीला आणलंय, डोक्यात गाठ निघाली, डाव्या बाजूला, उजवा हात त्यामुळंच." दवाखान्यात त्यांनी नेलं, मी नाही. मी फोनवर काय विचारलं सांगू? रजेचे अर्ज कुठं आहेत.

तुम्ही लिहून घ्यायलात का हे? लिहू नका. तो कागद इकडं द्या. फोटो नाही देणार मी. पत्रकं पाहिजे तेवढी वाटा शाळेत, शिक्षकांना द्या, मी परवानगी देतो, पण भाषणाला मला उभं करू नका. चार वाजता परभणीची एसटी आहे, निघा आता. आणि पूर्णेला तुमचं जाणं असेल तर माझं नाव काढू नका तिथं — नीलम मॅडमची नोटीस मी अजून मागं घेतलेली नाही.