टॉवर नऊच्या जागी टाकलेली चटई

मी, लोसाना तुइनासाऊ, वय २७ वर्षे, व्यवसाय वीजवाहिनी सर्वेक्षण अभियंता, राहणार नाइतोंगा गाव, सुवा शहर हद्द, ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमची कंपनी सुवा शहरातून १३२ केव्हीची वाहिनी टाकत आहे. अशा वाहिनीला नगरपालिका आणि पर्यावरण खात्याची मंजुरी लागते. जमीन गावाची असेल तर गावाची संमतीही लागते. टॉवर नऊ आमच्या गावच्या जमिनीत येतो.

जूनमध्ये प्रकल्प व्यवस्थापक श्री. ग्रँट मॅकॉली यांच्यासोबत मी गावात गेले. रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या मुळांची जुडी गावप्रमुखांपुढे ठेवली; ही मुळे कुटून पाण्यात कालवून पितात. गावप्रमुख सकीउसा हे माझे मामा. त्यांनी जुडीला हात लावून टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत श्री. मॅकॉली म्हणाले, "चला, संमतीचं काम झालं." ही गावात पाऊल टाकण्याची परवानगी आहे, टॉवरची नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "घेतलं ना? टाळ्याही झाल्या. आता काय नाचून दाखवायचं होतं?" त्यांनी सरकारला संमती मिळाल्याचे कळवले. मंजुरी आली. संमतीसाठी गावाची बैठक झालेली नाही.

आज सकाळी खोदाईचे यंत्र आले. आखलेल्या जागी मामा चटई टाकून बसले होते. पुढ्यात यंगोनाचे लाकडी भांडे होते. तिथून दफनभूमीची कड तीन मीटरवर आहे. अंतर मी स्वतः मोजले आहे. कडेच्या रांगेत माझ्या आईची कबर आहे.

चालक इसिरेली याने यंत्र बंद केले. मामा म्हणाले, "केवढा आवाज रे तुझा! घसा कोरडा पडला असेल."

तो म्हणाला, "काका, नोकरी जाईल हो माझी."

"मग लवकर पी."

तो बसला. त्याला कोणी धमकावले नाही, हातही लावला नाही.

श्री. मॅकॉली यांनी मला मामांना उठवायला सांगितले. मी जवळ गेले. मामा म्हणाले, "या, इंजिनीअरबाई. बूट बाहेर काढा." गावप्रमुख बसलेले असताना आमच्यात उभे राहून बोलत नाहीत. मी बूट काढून बसले. श्री. मॅकॉली म्हणाले, "आता उठली नाहीस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस." मामांनी करवंटी पुढे केली. मी घेतली.

मामांविरुद्ध अडथळा आणि धमकीची तक्रार आहे. धमकी दिली गेली नाही. अडथळा झाला, त्यात माझेही नाव घालावे.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "तिघे यंत्रापुढे उभे राहिले" असे लिहिले होते. उभे फक्त श्री. मॅकॉली होते. तेवढी दुरुस्ती केल्यावर तो मी सांगितला तसाच आहे.