यंदाची वेगळी चूल

—नको नको मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय डुगडुगतो, इथं पलंगावर या. माझाच पलंग. ही बाहेरची खोली माझी, आतल्या दोन त्यांच्या, म्हणजे मुलाच्या आणि सुनेच्या. दार एकच आहे, पण राहतो वेगळे — हे आधी लिहून घ्या, वेगळे. आणि ही माझी चूल. म्हणजे शेगडी हो, विजेची, पण आता हिलाच चूल म्हणायचं. इथंच शिजवते, इथंच बसून खाते, एकटी. त्यांच्या स्वयंपाकघरात माझं काही काम नसतं.

आता तुमचा काय दोष म्हणा, तुम्ही बिचाऱ्या भत्त्याच्या चौकशीला उन्हातान्हात घरं पालथी घालता, नियम वरून येतात. पण दरवर्षी काहीतरी नवीन काढतातच, नाही का? पहिल्या वर्षी म्हणाले, नवरा वारल्याचा दाखला आणा — आणला. मग म्हणाले, घर कुणाच्या नावावर — मुलाच्या, बरं, चालून गेलं. मागच्या वर्षी म्हणे, तुम्ही जिवंत आहात हे दाखवायला स्वतः या. गेले. खिडकीतल्या माणसानं मान वर करून बघितलं तर शपथ! म्हटलं, घरून नुसती खोकले असते तरी भागलं असतं. आणि यंदा काय, तर चूल. एका चुलीवर जेवतील ते एक कुटुंब, मुलाची कमाई ती आईचीच कमाई, मग म्हातारीला भत्ता कशाला? शेजारणीनं तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर वाचलं आणि येऊन आम्हाला सांगितलं — मला. मला सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं बाई, आमची आहेच वेगळी.

भांडं बघायचंय? बघा की, लपवायचंय काय त्यात, घ्या हातात. बूड बघा कसं काळंकुट्ट झालंय, रोजचं शिजवायचं म्हटल्यावर होणारच — बोटाला लागलं का? या फडक्याला पुसा. काय म्हणालात? हो, विजेचीच शेगडी. जाळ नसतो, बरोबर आहे. मग काळं कसं होतं — आता मला काय ठाऊक मॅडम, होतं आमच्याकडे. सून म्हणाली भांडं अगदी नवं कोरं दिसतंय, म्हणून काल मेणबत्ती घेऊन बसली आणि — म्हणजे वीज गेली होती काल. म्हणून मेणबत्ती. असं बघू नका हो माझ्याकडे. जन्मभर इस्पितळाच्या चादरी धुतल्या मी, डाग राहिला म्हणून कुणी बोट दाखवलं नाही, आणि आता भांड्याला काजळी फासून तुमच्यापुढे बसलेय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. हे नका लिहू.

मुलगा? आत आहे, झोपलाय. रात्रपाळी असते त्याची, जरा हळू बोलू आपण. नाही, बघत नाही तो माझ्याकडे. असंच सांगायचं — असंच आहे. पोटच्या पोराला नावं ठेवल्याशिवाय भत्ता मिळत नसेल, तर घ्या, ठेवते. येता-जाता दोन शब्द बोलत नाही. दुखलं खुपलं विचारत नाही. हे डोळे बघा माझे, रोज औषधाचे थेंब घालावे लागतात, भत्ता नव्हता तेव्हा त्याच्याकडे मागायचे. द्यायचा. हे मात्र खोटं नाही बोलणार, नाही कधी म्हणाला नाही. पण पाकीट काढलं की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा — आत किती आहेत ते मला दिसू नये म्हणून. मला नुसती त्याची पाठ दिसायची. एवढा मोठा बाप्या, आणि आईपासून पाकीट लपवतोय. मग मी मागायचंच सोडलं. बाटली रिकामी झाली तरी त्याच्यासमोर मान वर करून डोळ्यावर धरायची, दाबायची, पुसायची, म्हणजे त्याला वाटावं, आहेत अजून. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं आता काही होणार नाही. मुलाला सांगितलं, वयामुळे गेला. तुम्हाला म्हणून — आत पलंग करकरला का हो? नाही? मला वाटलं करकरला.

हे बोलायचं ठरलं नव्हतं. हे मी कुणाशीच बोलले नाही. म्हणून मला भत्ता पाहिजे मॅडम, पोटासाठी नाही, पोटाला मिळतंय — म्हणजे शिजवते मी — पण तशी पाठ करून त्याला पुन्हा उभं राहायला लागू नये म्हणून पाहिजे.

अगं, तू कशाला बाहेर आलीस? ही सून माझी. चहा आणलाय बघा. आल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं म्हणून राहवलं नसणार तिला, स्वभावच तसा आहे, भोळा. हा तुमचा, हा माझा, माझा बिनसाखरेचा. माझं पथ्य माझ्यापेक्षा हिलाच — आज आणलाय हो, तुम्ही आहात म्हणून. एरवी कुठला चहा! जा गं आत. नको? थांबू दे? बरं. काय विचारायचंय हिच्यासमोर?

ही मला जेवायला घालते का.

अशी समोर उभी करून विचारायचं असतं का हो? नियमच आहे म्हणता? हो की नाही, तेवढंच सांगायचं. सांगते. कप खाली ठेवते आधी, भाजतोय हाताला. नाही. घालत नाही. लिहा. परत का विचारता, ऐकू आलं ना? नाही घालत.

गेली आत. तिला राग नाही यायचा, तिनंच तर पढवलं मला, नाही म्हणताना खाली बघू नका म्हणाली. पण पाकिटाचं तिला ठाऊक नव्हतं. डोळ्याचंही नाही. दाराआड उभी होती ती, सगळं ऐकलं असणार. आता ठरवलेलं कुठलं आणि मनातलं कुठलं, हे तिनं कसं ओळखायचं? आणि तो खरंच झोपलाय का, देव जाणे.

होईल म्हणता मंजूर? तुम्हाला सगळं कळलंय, काजळी बोटाला लागली तेव्हाच कळलं. तरी लिहिलंत. तुमचे पाय धरायला हवेत, पण तोंड वर करून बघवत नाही तुमच्याकडे. उठलात होय? बसा ना जरा. चहा तरी संपवा, घाई काय आहे. पाणी देऊ? — नको, जा तुम्ही. जेवणवेळ टळून चाललीय, आणि तुम्ही असेपर्यंत त्यांना मला हाक मारता येत नाही. रोज मुलगाच मारतो, झोपेतून उठून, मी पानावर बसल्याशिवाय घास घेत नाही. आज मारतो का ते बघायचं. जा मॅडम. दार लोटून घ्या.