उंटाच्या डोंगरावर, दोन्ही हात गुंतलेले

हॅलो?… हॅलो? कोण?… अगं बाई, ताई!

नाही, नाही, मी नाही उचलला. उचलला गेला. पोरीनं ते कानात घालायचं दिलंय ना, त्याला बोट लागलं की फोन उचलला जातो. इथं बोट नाही, खडक लागला. कान घासला खडकाला आणि तू आलीस.

खडक गं! दगड!… ऐक ना, मी तुला मागाहून करते. ठेव तू… नाही, तूच ठेव. मला ठेवता येत नाही, दोन्ही हात गुंतलेत.

भांडी नाही घासत. डोंगराला धरलंय.

हो, डोंगराला… मोहिनीच बोलतेय! नाशकात एवढी कोण बसलीय तुला ताई म्हणणारी? आणि मी इंदिरानगरात नाहीये आज. तुमच्या कळवणच्या मागं आहे. तो उंटाच्या पाठीसारखा डोंगर नाही का, तिथं.

काय?… तुला माहितेय? कुणी सांगितलं?

तुझ्या शेजारच्या सिंधुबाईंनी पाहिलं… कळवण स्टँडवर… हो, काल दुपारी होतो आम्ही. हे भेळभत्ता घ्यायला उतरले होते. मी गाडीतच… लपले नव्हते! ओढणी उन्हासाठी घेतली होती तोंडावर… थंडीतसुद्धा ऊन असतं ताई.

अगं, रडू नकोस… बरं, नाही रडत, पण आवाज तसा येतोय.

हो. चुकलंच. सख्ख्या बहिणीच्या गावावरून गेले आणि चहाला उतरले नाही… हो, पायरीसुद्धा शिवले नाही… हो, चार माणसांत तुझी काय राहिली. सगळं कबूल. ओरड हवं तेवढं, मला कुठं जाता येतंय.

पण ताई, खरं सांगू का? तुझ्याकडं चहाला उतरलं की काय होतं? गेल्या वर्षी ह्याच डोंगरावर निघालो होतो की नाही आम्ही? पाच मिनिटं म्हणून उतरलो. तू पुरण शिजत घातलंस. दाजींनी ह्यांना मळ्यात नेलं, कांदा दाखवायला. मग ओटी, मग साडी, मग गव्हाची गोणी, कांद्याची गोणी… गाडी निम्मी खाली बसली! आणि डोंगर बघितला कुठून, तर जाताना काचेतून.

माया आहे गं, माहितेय मला. म्हणून तर घाबरले. तुझ्या मायेतून कोण डोंगर चढणार?

हो, जेवलो की. पायथ्याच्या गावात लंकाबाई आहेत, त्यांच्याकडं राहिलो रात्री. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा… छे, तुझ्या हाताची सर कुठली… बरी होती गं. बरीच म्हणायची… अगं हो, दोन भाकरी खाल्ल्या, आता त्यावर भांडू नकोस!

अहो! दोर ढिला का सोडताय? ताणून धरा!… तुला नाही ताई, ह्यांना. हे वर आहेत. मी मध्ये.

मध्ये म्हणजे मध्येच. अर्ध्यात. कातळ आहे सरळसोट, त्यावर पालीसारखी चिकटलेय. खाली बघवत नाही, वर जाववत नाही.

आरडू नकोस, कान फुटेल माझा!… कमरेला दोर बांधलाय. वर ह्यांनी पक्का अडकवलाय, दोनदा तपासला. पडायची नाही मी, फार तर लटकेन… दाजींना नको सांगूस. ते गाडी काढून येतील आणि खालून हाका मारत बसतील.

का म्हणजे? हौस म्हणून!… नाही, ऐक. लग्न झाल्यापासून हे डोंगर चढतात आणि मी खाली बसते. बॅगा, डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या चपला. सामान राखणारी बाई! कुठल्याही गडाचा पायथा विचार मला, कुठल्या झाडाखाली मुंग्या आहेत ते सांगेन. गडाचा माथा? एकही नाही पाहिला. ह्या खेपेला म्हटलं, सामान टांगा त्या फांदीला, मी येणार वर. एकदा तरी ह्यांच्याशेजारी वर उभं राहायचंय मला, ताई. एकदाच.

बूट?… बूट नाहीत. अनवाणी आहे.

ती एक गंमतच झाली. हसणार नसशील तर सांगते… शपथ घे.

ह्या कातळाच्या बुडाशी एक धोंडा आहे. छान शेंदूर फासलेला, लालभडक. मी म्हटलं देव आहे जागेवरचा, त्याला न विचारता कसं चढायचं? बूट काढले, मोजे काढले. बाटलीतलं पाणी घातलं, रानफूल वाहिलं, हात जोडले, डोळे मिटले. सांभाळ म्हटलं बाबा, पन्नाशीची बाई आहे. हे वरून बोंबलतायत, अगं तो बाण आहे, बाण! ट्रेकवाल्यांनी रंगानं काढलाय, वाट कळावी म्हणून!

हसलीस. शपथ घेतली होतीस!… हस, हस. आणि ऐक, डोळे उघडले तर माकड माझा एक बूट घेऊन झाडावर. डावा. एका बुटावर काय लंगडी घालू? दुसराही ठेवला तिथंच. बाणापाशी.

नाही, उतरणार नाही… नाही म्हटलं ना.

काय म्हणालीस? परत म्हण… ‘तुझ्याच्यानं व्हायचं नाही’? हे बरंय तुझं! लहानपणापासून हेच ऐकतेय. मोहिनी भित्री. मोहिनीला विहिरीवर नेऊ नका, मोहिनीला झाडावर चढवू नका.

चिंचेचं काय?… शाळेमागच्या चिंचेवर मी अडकले होते? मी? आणि आप्पांनी शिडी आणली ती माझ्यासाठी? ताई, थांब. थांब जरा, पाय टेकू दे नीट… हां. शिडी तुझ्यासाठी आणली होती!

तुझ्याचसाठी! तू वरच्या फांदीवर होतीस, परकर अडकला होता तुझा, निळा… हिरवा? बरं, हिरवा. पण अडकला होता की नाही?… मी खालच्या फांदीवर होते, रडत होते ते तू पडशील म्हणून! स्वतःसाठी नव्हते रडत… अहो, उजवीकडं काय? खाच? कुठाय?… सापडली… आणि तू काय केलंस? शिडी लागल्याबरोबर माझ्या डोक्यावरून उतरलीस खाली! अक्षरशः खांद्यावर पाय देऊन! आणि घरी जाऊन आईला सांगितलंस, मोहिनी अडकली.

हो, सांगितलंस!… मी झाडावरच होते की तोवर, मला कसं कळलं काय विचारतेस? आईनंच सांगितलं मागून. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण तू मोठी. आणि त्यावर सगळी वर्षं मी भित्री… थांब, गुडघा टेकते… साऱ्या भावकीत भित्री! ह्यांच्या आईलासुद्धा तूच सांगितलंस लग्नात, आमची मोहिनी जरा घाबरट आहे, सांभाळून घ्या. म्हणून मला कुणी कधी डोंगरावर नेलं नाही! सगळ्यांनी सांभाळून खाली ठेवलं!

नाही, चिडले नाही… चिडलेच आहे! आणि अनवाणी तर अनवाणी. आप्पांच्या शेतावर कोण बूट घालून हिंडत होतं? पाय कसे धरतायत बघ दगडाला… अहो, हात कशाला पुढं करताय, मी बोलतेय ना ताईशी, मध्ये मध्ये…

अगं.

ताई.

अगं ताई, मी वर आले!

देवाशपथ! कातळ संपला. ह्यांनी हात धरलाय माझा, सोडतच नाहीयेत. अहो, सोडा, घाम पुसू द्या… मला कळलंच नाही गं. मी आपली भांडतेय, भांडतेय आणि…

हे काय?

थांब. ताई, थांब जरा, बोलू नकोस.

अगं, काय दिसतंय इथून… समोर सप्तशृंगीचा गड, त्याच्या शेजारी मार्कंड्या. इकडं चणकापूरचं पाणी, नुसतं लखलखतंय. खाली कांद्याचे वाफे, हिरवेगार, चटया अंथरल्यासारखे. आणि घारी! ताई, घारी माझ्या खाली उडतायत!

आणि हा माणूस! हा माणूस दर वेळी खाली येऊन काय सांगायचा माहितेय? काही नसतं गं वर. दगड आणि वारा. तू आली नाहीस तेच बरं केलंस… अहो, हे काही नसतं? हे? माझ्याकडं बघून बोला!

काय म्हणाले? म्हणतात, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगायचो… इतकी वर्षं गं! एवढं सगळं बघून यायचे आणि तोंडातून अवाक्षर नाही. मी खाली डबे उघडून बसलेली असायचे, म्हणून.

हो, रडतेय. आनंदानं रडतेय. आणि रागानंही. दोन्ही एकदम येतंय, काय करू?… हेही रडतायत. चष्मा पुसतायत, म्हणजे रडतायत.

ऐक ना. तू कधी आलीस ह्या डोंगरावर?… लग्न होऊन कळवणला आलीस तेव्हापासून एकदाही नाही? का?… पायथ्याशी? कुणाचं सामान?

दाजींचं. मग गाडीत बसून राहायचीस… आणि दाजी खाली येऊन काय सांगायचे?

दगड आणि वारा.

ताई, ऐक. असं कर. गच्चीत जा. आत्ता जा. पोळ्या राहू देत! गॅस बंद कर आणि जा.

आलीस? धापा टाकतेस… आता डोंगराकडं बघ. वरच्या टोकाला. मी ओढणी हलवतेय… लाल. दिसते?… नाही?… मलापण नाही गं दिसत तू. नुसती कळवणची छपरं दिसतायत. तू हात हलव. हलवतेयस ना? जोरात हलव, दोन्ही हात. मीपण हलवतेय… आणि ऐक, पुढच्या रविवारी मी येते. चहाला नाही. तुला न्यायला. दाजींना म्हणावं, तुम्ही सामान राखा…

हॅलो?… ताई?… हॅलो?

गेली रेंज.

अहो, बघत काय उभे राहिलात? हात हलवा. ती उभी आहे तिकडं.