समर्थची तीनचाकी

देवानं ज्याला पाय दिले न्हाईत त्याच्यासाठी चाकं धाडली, असं आमच्या घरी येणारं प्रत्येक माणूस एकदा तरी म्हणतं, आन् चहा पिऊन जातं. धाडलीबिडली काय न्हाईत. ताथवड्याच्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून आमी ती टेम्पोत घालून आणली, आन् टेम्पोवाल्यानं वरून ऐकवलं की असली रिकामी गाडी भरलेल्या गोणीपेक्षा जास्त जागा खाती.

मी चाकणच्या पलीकडची. आमच्या लहानपणी तिथं कांदा आन् बटाटा, दुसरं काय न्हाई, आता कंपन्याच कंपन्या, आमच्या शाळेच्या मागं जिथं आमी बोरं वेचायचो तिथं कंटेनर उभे असतात. मी दहावी झाले आन् वायरिंगच्या कंपनीत लागले, फळीवर रंगीत वायरी मांडायच्या आन् टेप गुंडाळायची, दिवसभर उभं. मग लग्न झालं, कासारवाडीला आले, रेल्वे लाइनीच्या बाजूला आमची चाळ हाय, दारासमोर तीन पायऱ्या आन् मग गल्ली. आमचे हे भोसरीला प्रेसशॉपमध्ये फिटर. पोरगं झालं. जन्मलं तवा रडलंच न्हाई लवकर, लई वेळ लागला, पण मग रडलं तसं सगळे म्हणाले झालं, सुटलो. बारशाला आमच्या नणंदबाईंनी कानात नाव सांगितलं, समर्थ. नाव आधी ठेवतात आन् पोरगं कसं हाय ते मागनं कळतं, आता नाव बदलायला कोण जातंय.

मान धरंना. पाय कात्रीवाणी एकात एक अडकायचे. दवाखाने केले, अंगारे केले, सासूबाईंनी नवस केले, सगळं केलं, मग एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेंदूला मार हाय, औषध न्हाई, व्यायाम हाय. संत तुकाराम नगरला सेंटर हाय अशा पोरांचं, तिथं न्या. तिथल्या मॅडम एकदम सरळ बोलायच्या, गोड न्हाई. मला म्हणाल्या, आई, हा चालंल असं मी तुमाला सांगणार न्हाई, पण रोज आणलंत, एक दिवस न चुकता, तर हा आपला आपण बसंल. मी म्हणलं, बसून काय होणार मॅडम. त्या म्हणाल्या, बसलेल्या माणसाला दोन हात मोकळे असतात, झोपलेल्याला एक पण नसतो. ते माझ्या डोक्यात बसलं. तवापासून मला दुसरं कायच नको व्हतं, चालणं नको, बोलणं नको, पोरगं बसायला पाहिजे. वायरिंगची नोकरी सोडली, घरी मेसच्या पोळ्या करायला घेतल्या, आन् रोज त्याला कडेवर घेऊन पुलाखालून, हायवे ओलांडून न्यायचं. पोरगं वाढतं, ताई, आईची कड तेवढीच राहती.

तर ह्याच टायमाला आमच्या भागातल्या साहेबांचा वाढदिवस आला. साहेबांचं नाव कशाला घेता, फ्लेक्सवर हाय ते. दिव्यांगांना खुर्च्या वाटप. दुपारचा कार्यक्रम, साहेब दिवेलागणीला आले, तोवर सगळी पोरं मांडवात घामेजलेली, कुणाची आई पदरानं वारा घालतीय, कुणाचं पोरगं ओलं झालंय. साहेबांनी समर्थला खुर्चीत बसवलं, स्वतः मागनं ढकललं, फोटो निघेपर्यंत, आन् त्याच्या गालाला हात लावून म्हणाले, शिकून मोठा हो. खुर्ची मोठ्या माणसाची. पाठीवर साहेबांचा फोटो छापलेला, हात जोडून, खाली पक्षाचं चिन्ह. पोरगं त्यात बसवलं की घसरत घसरत खाली, निसटलेल्या उशीवाणी. मॅडमनी बघितलं आन् एवढंच म्हणाल्या, ह्यात बसवलंत तर पाठ वाकडी होईल, मापाचं काहीतरी बघा. खुर्ची माळ्यावर टाकली. पुढची चाकं अशी बारकी, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकायची, गल्लीच्या तोंडाला सुद्धा जाईना.

माझी जाऊ, कमल, ताथवड्याला एका आयटीवाल्यांकडं स्वयंपाकाला जाती. ती मला म्हणली, आमच्या मॅडमकडं एक गाडी हाय, तीन चाकाची, परदेशातनं आणलेली, सायकलसारखी चाकं. ती म्हणे मूल आत ठेवून पळायची गाडी. मी म्हणलं पळायची कशाला, मूल चोरून न्यायचंय का. तर म्हणली न्हाई गं, सकाळचं व्यायामाला पळतात, तवा मूल पुढं ढकलायचं. मॅडम आन् सर पळणार व्हते. पळाले न्हाईत. मूल मोठं होऊन आपलं आपण पळायला लागलं.

आमचे हे गाडी बघायला आले तवा मला लाजच वाटली. पार्किंगमध्ये गाडी उलटी केली, चाकं गरगर फिरवली, कान लावून आवाज ऐकला, एकेका नटाला हात लावला, वॉचमन बघतोय, कमलच्या मॅडम वर गॅलरीतनं बघतात. मग उठले, हात पुसले, म्हणाले घे. मी म्हणलं तीनच चाकं हायेत, चौथं नको का. हे म्हणाले, तीन पायावरची वस्तू कधी डुगडुगत न्हाई, चार पायावरचीच डुगडुगती, आपलं पोळपाट बघ, तीनच पाय. ते खरं हाय. पाठ उभी व्हती, पट्टे खांद्यावरनं आन् मांड्यांमधनं, मागची चाकं मोठी, हवा भरायची. पुढचं चाक मात्र सरळच, वळत न्हाई, वळायचं तर दांडा दाबून नाक उचलायचं. मॅडम खाली आल्या, स्वभावानं चांगल्या, एकेक समजावलं, हा ब्रेक, हा पट्टा मनगटात अडकवायचा, हात सुटला तरी गाडी सुटायची न्हाई. आन् एक सांगितलं, पुढच्या चाकाजवळ काही लोंबतं ठेवू नका, ओढणी न्हाई, चादर न्हाई, तिथं इंग्रजीत लिहिलंय बघा. मी म्हणलं बरं.

आमच्या शेजारी बबनभाऊ, रिक्षा चालवतात, माणूस लई जिवाचा, तोंड सुटलेलं. गाडी आली तशी सगळी गल्ली गोळा झाली, तर बबनभाऊ गाडीभोवती फिरून म्हणतात, वहिनी, तीन चाकाची खोड मला विचारा. मागं कितीपण वजन टाका, काय होत न्हाई. पुढचं अडलं की गाडी नाकावर. मग समर्थला म्हणाले, काय शेठ, परमिट काढलं का. दुसऱ्या दिवशी कुठनं तरी एमएच चौदाची एक बारकी पाटी रंगवून आणली आन् मागं बांधली. पोरगं हसलं. ते कधी हसतं ते आमालाच कळतं, तोंड वाकडं होतं, पण बबनभाऊंना पण कळलं.

मी ती गाडी जपली, ताई, सोन्यासारखी न्हाई म्हणणार, सोनं मी कुठं बघितलंय जपून, पण वायरिंगच्या फळीसारखी जपली. रविवारी हवा. आमच्याकडच्या रस्त्याला खिळ्यापेक्षा वाईट काय असंल तर भंगाराच्या टेम्पोतनं सांडलेलं लोखंडाचं कुरळं, लेथवर निघतं ते, टायरात घुसतं आन् दिसत न्हाई, म्हणून रोज घरी आलं की चाकावरनं ओला फडका फिरवायचा, फडका अडकला की समजायचं. मागं लहान पोरांच्या सायकलची ट्यूब बसायची. सायकलवाला आधी हसला, मग त्यानंच ब्रेकची वायर बदलून दिली. लाळेनं सीटचं कापड कुजायचं, ते काढून धुवायचं, सावलीत वाळवायचं. ओढणी मी कमरेला खोचायची, पदर खोचायचा, सासूबाई म्हणायच्या झुंजायला निघालीस का. आमचे हे शिफ्टवरनं आले की चपला काढायच्या आधी पुढच्या चाकाची पकड बघायचे. एवढं सगळं केलं. काय राहिलं न्हाई.

आन् पोरगं बसलं. एकदम न्हाई. सेंटरमध्ये चटईवर, मॅडमनी मागचा हात काढला, आन् ते राहिलं. डुललं, पण राहिलं. मग रोज थोडं थोडं जास्त. समोर डबा ठेवायच्या आन् त्यात लाकडी मणी टाकायला लावायच्या, त्यानं दोन हातांनी टाकले. मी घरी येऊन कुणाला सांगितलंच न्हाई, दृष्ट लागंल म्हणून, रात्री ह्यांना तेवढं सांगितलं, तर हे म्हणाले, दोन्ही हात? मी म्हणलं व्हय, दोन्ही.

मग खांडेनवमी आली. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठा सण तो, ताई, सगळा पट्टा कंपन्यांचा. त्या दिवशी मशिनी धुऊन पुसून हळदकुंकू, हार, नारळ, ह्यांच्या प्रेसला मुंडावळ्या बांधल्यासारखा हार घालतात, आन् गल्लीत रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, पाण्याची मोटर सुद्धा. समर्थची गाडी कशी राहील. बबनभाऊंनी स्वतःच्या रिक्षाबरोबर ती धुतली, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, त्यांच्याकडं दोनच उरली व्हती, तिसऱ्यासाठी सासूबाईंनी वरणाचं लिंबू दिलं. आन् झेंडूचा हार घातला, दांड्यापासनं पुढच्या चाकापर्यंत, लांबलचक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं हसलं.

दसरा झाला. सेंटर उघडलं. मी निघाले तवा म्हणलं हा हार काढते. बबनभाऊ रिक्षा पुसत व्हते, म्हणाले, वहिनी, पूजेचा हार काढत असतात व्हय, तो आपला आपण सुकून पडायचा असतो, माझ्या रिक्षाला बघा, दिवाळीपर्यंत असतो. सासूबाई दारातनं म्हणाल्या, राहू दे गं, वर खोच. मी वर दांड्याला खोचला. पदर खोचते तसाच खोचला. नायलॉनचा दोरा असतो त्याला आता, पूर्वी सुती असायचा, तुटायचा.

सर्व्हिस रोडला उतार हाय. तिथं धक्क्या-धक्क्यानं हार सुटला आन् चाकात गेला, मला दिसला पण न्हाई. गाडी थांबलीच एकदम, जशी कुणी पुढनं पाय दिला. मागची दोन्ही चाकं वर, आन् गाडी नाकावर. पट्ट्यात असल्यामुळं पोरगं बाहेर पडलं न्हाई, पट्टे चांगले व्हते, पण पाय खालच्या दांड्यात आन् सगळं वजन त्याच्यावर, आन् मनगटात पट्टा म्हणून मी पण वरनं. दोन पोरं कंपनीच्या बसची वाट बघत व्हती, ती पळत आली. एकानं दोरा ओढून बघितला, सुटंना, दातानं तोडला. झेंडूच्या पाकळ्या सगळ्या रस्त्यावर, एखादी मिरवणूक गेल्यासारख्या.

मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कशानं. मी म्हणलं हारानं. ते म्हणाले, हार म्हणजे? मी म्हणलं झेंडूचा. त्यांनी कागदावर पडला असं लिहिलं. अशा पोरांची हाडं मुळात पोकळ असतात म्हणाले, अंगावर वजन येत न्हाई म्हणून. कमरेपासनं खाली प्लास्टर, मधी दांडा. पोरगं उताणं. किती दिवस ते विचारू नका, दिवाळी तशीच गेली, थंडी तशीच गेली. प्लास्टर काढलं तवा पाय आखडलेले, पाठ मऊ पडलेली. मॅडमनी चटईवर ठेवलं, मागनं हात काढला, ते गेलं. परत ठेवलं, परत गेलं. आन् पायाला हात लागला की किंचाळायचं. मॅडम गोड बोलत न्हाईत म्हणलं ना मी. त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, बघू आई, घाई नको. तवाच मला कळलं.

बबनभाऊ आले व्हते. आत आले न्हाईत, पायरीवर बसले, चहा दिला तो तसाच. म्हणाले, वहिनी, मीच बोललो व्हतो, पुढचं अडलं की नाकावर. मी म्हणलं व्हय, तुमीच बोलला व्हता. त्यांनी रिक्षाचा हार त्याच दिवशी कापून टाकला. दुसऱ्या वर्षी परत घातला. धंद्याची गाडी हाय, वहिनी, म्हणाले, आन् माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. मला राग न्हाई. दवाखान्याला जायचं तर अजून तेच नेतात, मी मागं पोराला मांडीवर आडवं घेते, ते खड्डा आला की पायी चालल्यासारखी रिक्षा चालवतात.

गाडीचा पुढचा भाग वाकला व्हता, तो ह्यांनी कंपनीत नेऊन सरळ केला, आता चाक परत गरगर फिरतं. गाडी सरळ झाली. तिच्यातनं आता गल्लीतले सगळे सिलेंडर आणतात. मी हवा बघते अजून, रविवारी. सवय.

समर्थ आता मोठा झाला, मिशी फुटंल पुढं. मागच्या साली माळ्यावरनं साहेबांची खुर्ची काढली, धूळ झटकली, दोन्ही बाजूला उशा, छातीला पट्टा बांधून बसवला, तर खुर्ची मापाची झालीय. तीन पायऱ्या उतरायचा सवाल न्हाई, दारातच असतो, गल्ली बघतो, लोक जाता-येता हाक मारतात, काय शेठ. देवानं सगळ्यांना चांगलं ठेवावं, मॅडमला पण, त्या ताथवड्याच्या बाईंना पण. साहेबांनी मधल्या काळात पक्ष बदलला, परत एकदा बदलला, पाठीवर चिन्ह जुनंच हाय, मी ते घासून बघितलं, जात न्हाई.

यंदा खांडेनवमीला गल्लीतल्या पोरांनी खुर्चीची पण पूजा केली. हार नेमका साहेबांच्या फोटोवर बसला, बघणाऱ्याला वाटावं गेले बिचारे, पण साहेब ठणठणीत हायेत. सासूबाई म्हणाल्या, ह्यावेळी तरी काढ तो. मी म्हणलं राहू द्या, खुर्ची कुठं हलतीय.